ऐंशी रुपयांचे भांडवल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीस बाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझा हात लेखणीपेक्षा झाऱ्याला अधिक सरावलेला. परंतु गेल्या महिन्याच्या सभेत एक प्रसंग घडला आणि लिहिणे हे कर्तव्यच होऊन बसले. मंडळाने पापड-भाजणीचा स्वतंत्र विभाग काढावा, असा ठराव आपल्या तरुण भगिनींनी मांडला. त्यावर बोलताना त्यांच्यातली एक मुलगी मोठ्या उत्साहाने म्हणाली, "लिज्जतच्या बायकांनी नाही का ऐंशी रुपयांवर एवढा धंदा उभा केला? आपल्या मंडळाच्या खात्यात तर त्याहून कितीतरी अधिक आहेत!" सभेत टाळ्या पडल्या. मी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

याचा अर्थ माझा ठरावाला विरोध आहे असा नव्हे. परंतु आपल्या मंडळाने असा विभाग पस्तीस-एक वर्षांपूर्वी एकदा काढला होता व तो दोन दिवाळ्यांत बंद पडला, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. ठाऊक असणार कसे? यशाचे अहवाल छापले जातात. तोट्याच्या वह्या कपाटात जातात. ती वही माझ्या कपाटात आहे, कारण त्या वेळी मी खजिनदार होते. ठराव येत्या सभेत मताला यावयाचा आहे. तत्पूर्वी त्या ऐंशी रुपयांचा इतिहास भगिनींपुढे नीट ठेवावा आणि त्याच्या शेजारी आपली वही उघडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

गिरगाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मराठी चाळी आणि गणेशोत्सव उभा राहतो. परंतु गिरगाव-भुलेश्वरच्या त्या भागात गुजराती कुटुंबांचीही मोठी वस्ती होती. तेथील लोहाणा निवास या वसाहतीच्या एका गच्चीवर दि. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी जमल्या. तो रविवार होता. महाराष्ट्र राज्य अद्याप जन्माला यावयाचे होते. नवे पैसे चालू होऊन दोनच वर्षे झाली होती आणि जुन्या बायका अजून आण्यांतच हिशेब करीत होत्या. श्रीमती जसवंतीबेन जमनादास पोपट या त्या सातजणींपैकी एक. या बायकांपाशी मोठे शिक्षण नव्हते, दुकान नव्हते, पेढी नव्हती. हाती असलेली विद्या एकच, ती म्हणजे स्वयंपाकाची. तोट्यात चाललेला पापडाचा एक छोटा उद्योग त्यांनी आपल्याकडे घेतला. फाल्गुनाच्या उन्हात पहिल्या दिवशी त्यांनी चार पुडे पापड केले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत विकावयास प्रारंभ केला.

भांडवल होते ८० रुपये, आणि तेही उसने! ते दिले श्री. छगनलाल करमसी पारेख यांनी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते आणि लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात आणि एकदम कोटींच्या आकड्यांवर उडी घेतात. परंतु भगिनींनो, ज्यांना धंदा करावयाचा आहे त्यांना शिकण्यासारखे आहे ते या दोहोंच्या मध्ये.

पहिली गोष्ट अशी की, ते ८० रुपये देणगी नव्हते, कर्ज होते. कितीही ओढ लागली, तोटा जरी आला, तरी कोणाकडे देणगी मागावयास जावयाचे नाही, असे या बायकांनी आरंभीच ठरवले होते. यात मानापमानाचा भाग असेल. परंतु व्यवहाराचाही मोठा भाग आहे. देणगीने तोटा भरून निघतो, पण तोट्याचे कारण तसेच राहते.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. पहिल्या दिवाळीत आपल्या फराळ विभागाला तोटा आला, तेव्हा मंडळाच्या एका हितचिंतक गृहस्थांनी ती रक्कम आपल्या खिशातून भरून दिली. आम्ही त्यांचा जाहीर सत्कार केला. वहीत तेवढी जमा दाखवली आणि खाते बरोबर झाले म्हणून निःश्वास टाकला. तोटा का आला, हे विचारण्यासाठी एकही सभा झाली नाही. दुसऱ्या दिवाळीत तोच तोटा दुपटीने परत आला, आणि पुन्हा त्या गृहस्थांच्या दारी जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

दुसरी गोष्ट मालाच्या दर्जाची. गिरगावच्या या बायकांनीही आरंभी दोन प्रकारचे पापड करावयास घेतले होते. एक उत्तम, आणि दुसरा जरा हलका, स्वस्तात विकता यावा म्हणून. छगनबाप्पांनी त्यांना थांबवले. पापड एकाच दर्जाचा करा आणि त्यात कधीही तडजोड करू नका. हे समाजकार्य म्हणून नव्हे, धंदा म्हणून चालवा आणि हिशेब चोख ठेवा, असे त्यांनी बजावले. मोडलेले पापड विक्रीत न घालता शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात.

आम्हीही दुसऱ्या वर्षी दोन प्रकारचा चिवडा केला होता. एक चांगल्या तेलातला, आणि एक 'सर्वांना परवडावा म्हणून' हलक्या तेलातला. पुड्या सारख्याच, चिठ्ठ्या सारख्याच. वाटपाच्या गडबडीत कोणाला कोणता गेला याचा पत्ता राहिला नाही. ज्यांनी चांगल्याचे पैसे मोजले त्यांच्यापैकी काही घरी हलका गेला, आणि त्या घरांतून पुढल्या वर्षी मागणी आली नाही. ज्यांच्याकडे चुकून चांगला गेला, त्यांनी तेवढ्याच पैशांत पुन्हा तसाच मागितला. दर्जा दोन झाले की गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र दोन होत नाही, तो निम्मा होतो.

आता पावसाळ्याचे पाहा. उडदाच्या पिठात पापडखार, मिरी, हिंग घालून पीठ घट्ट मळावे, कुटावे, लाट्या कराव्यात आणि पातळ लाटावे, इथपर्यंत सर्व काही बाईच्या हातात असते. वाळवणे मात्र सूर्याच्या हातात. मुंबईचा पाऊस आपणांस सांगावयास नको. पहिल्याच वर्षी या बायकांना पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. ज्यांचा धंदा मार्चमध्ये सुरू होतो आणि जूनमध्ये थांबतो, त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! घरच्या माणसांनी 'आम्ही सांगितलेच होते' असे म्हटले नसेल काय?

पण पुढच्या वर्षी त्यांनी एक युक्ती काढली. एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवावयाचा. उपाय किती साधा! परंतु तो सुचण्यासाठी, आलेली अडचण ही आपलीच अडचण आहे असे आधी वाटावे लागते. आमचे पापड आषाढात बुरसले तेव्हा आम्ही म्हटले, "पाऊसच तसा, त्याला कोण काय करणार?" आणि घरोघरी जाऊन बसलो. त्यांनी पावसाला दोष न देता स्टोव्ह आणला.

तरीही पहिल्या वर्षाची त्यांची विक्री किती झाली असेल? ६,१९६ रुपये. हा आकडा मी मुद्दाम देते, कारण तो सभांतून कोणी सांगत नाही. बारा महिन्यांवर वाटला तर महिन्याला सुमारे ५१६ रुपये होतात. त्यातून पीठ, मिरी, हिंग, इंधन वजा जाता उरेल ते वाटून घ्यावयाचे. आणि तीन महिन्यांच्या आतच सातांच्या जवळजवळ पंचवीस जणी झालेल्या! प्रत्येकीच्या पदरात काय पडत असेल याचा अंदाज आपण गृहिणी सहज करू शकतो. पापड लाटणे हे काही गमतीचे काम नव्हे. खांदा भरून येतो, मनगट दुखते, बसून बसून कंबर धरते. एवढ्या श्रमांना एवढे थोडे मोल मिळत असताना त्या टिकून राहिल्या. भांडवल म्हणावयाचे तर मी याला म्हणेन. ऐंशी रुपये कोणीही उसने आणील. पहिले वर्ष उसने आणता येत नाही.

काम वाढले तसतशी नवी अडचण उभी राहिली. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तीनशेहून अधिक जणी झाल्या. एवढ्यांना गच्ची कशी पुरणार? तेव्हा मळलेले पीठ सभासद बायकांना घरी न्यावयास द्यावे, त्यांनी घरी पापड लाटून आणावेत, ते केंद्रावर तोलून घेऊन पुडे भरावेत, अशी पद्धत पडली. घरात लहान मूल आहे, म्हाताऱ्या सासूबाई आहेत, अशा बाईला उंबरठ्याबाहेर न राहता कमावण्याची वाट यामुळे मोकळी झाली. परंतु घरोघरी काम गेले म्हणजे घरोघरीच्या स्वच्छतेचा प्रश्न आला. म्हणून नव्या बाईला सभासद करून घेण्यापूर्वी तिच्या घरी जागा पुरेशी व स्वच्छ आहे की नाही, हे पाहण्याची शिस्त पुढे त्यांनी घातली. बाईची परिस्थिती कशीही असो, पापड मात्र सर्वांचा एकच निघाला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

सर्वच बेत सिद्धीस गेले असे समजू नका. १९६१ साली मालाडला शाखा काढली, ती चालली नाही. पुढे कित्येक वर्षांनी, जम उत्तम बसल्यावर, १९७९ मध्ये चामड्याच्या वस्तू आणि आगपेट्या यांचे उद्योग काढून पाहिले, अगरबत्तीचाही केला. तेही जमले नाहीत. जे जमले नाही ते त्यांनी सोडून दिले, आणि जे येत होते ते करीत राहिल्या. १९६२ साली मालाला नाव हवे म्हणून आपसांत स्पर्धा ठेवली. धीरजबेन रुपारेल यांनी 'लिज्जत' हे नाव सुचवले आणि त्यांना ५ रुपयांचे बक्षीस मिळाले. आपण ज्याला मराठीत लज्जत म्हणतो तीच ही लिज्जत. १९६२-६३ या वर्षाची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली, म्हणजे पहिल्या वर्षाच्या एकोणतीस पटींहून अधिक.

सरकारची मदत मिळाली नाही काय? मिळाली, पण केव्हा, ते पाहा. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष श्री. उ. न. ढेबर यांनी स्वतः येऊन काम पाहिले, आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल मिळाले. म्हणजे आरंभानंतर सात वर्षांनी! ज्यांनी सात वर्षे आपल्या पायांवर उभे राहून दाखवले त्यांच्या हाती ८ लाख विश्वासाने देता आले. १९६८ साली गुजरातेत वालोड येथे शाखा निघाली. ती महाराष्ट्राबाहेरची पहिली. पुढे मसाले आले, पिठाच्या गिरण्या आल्या, १९८८ साली कपडे धुण्याची 'ससा' पावडर आली. आज सुमारे पंचेचाळीस हजार भगिनी या संस्थेच्या सभासद आहेत, आणि २०१९ मध्ये उलाढाल सोळाशे कोटी रुपयांच्या घरात गेली होती. सातजणींपैकी एक असलेल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठलेली होती. चार पुड्यांपासून त्या सन्मानापर्यंत ६२ वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे.

परंतु या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. या संस्थेत मालकीण निराळी आणि कामकरीण निराळी असे नाही. जी प्रत्यक्ष काम करते तीच सभासद, आणि सभासद तीच मालकीण. नफा झाला तर वाटून घ्यावयाचा, तोटा आला तर तोही वाटून सोसावयाचा. पुरुष हिशेबनीस, वाहनचालक वगैरे पगारी नोकर म्हणून काम करू शकतात. सभासद होऊ शकत नाहीत.

येथे मला आपल्या वहीचे शेवटचे पान उघडले पाहिजे. आमचा फराळ विभाग चालवत होतो आम्ही सहा पदाधिकारी. माल कोणता करावा, दर काय ठेवावा, हे आम्ही चहा घेत ठरवीत असू. चुलीपुढे बसत होत्या त्या चार गरजू बायका, रोजावर. चवीला कमी-जास्त झाले तर आम्ही त्यांना बोलत असू. दर चुकला तर आम्हांला बोलणारे कोणी नव्हते. दुसऱ्या दिवाळीनंतर १,८६० रुपयांचा तोटा निघाला आणि आम्ही विभाग बंद करण्याचा ठराव एकमताने संमत केला. त्या चौघींना ठरावाला बोलावलेदेखील नव्हते. निरोप म्हणून प्रत्येकीला एक साडी दिली. त्यांतल्या एका विधवा बाईने साडी हातात घेतली आणि मला विचारले, "बाई, उद्यापासून मी काय करू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्हा सहाजणींचे काहीच गेले नव्हते; आमच्या घरी चूल पूर्वीसारखीच पेटत होती. तिची मात्र दोन लेकरांची शाळा त्या रोजावर चालली होती. धंदा बुडतो म्हणजे काय, हे मला तिच्या चेहऱ्यावर कळले, वहीतल्या आकड्यात नव्हे.

आणखी एक कबुली देऊन टाकते. त्या १,८६० रुपयांत ९४० रुपये नुसती उधारी होती, आणि ती सगळी आपल्याच ओळखीपाळखीच्या घरची. 'पैसे कुठे पळून जातात काय?' असे म्हणत प्रत्येकीने नेले, आणि मागावयास जाण्याचा संकोच आम्हांला आड आला. त्यांतले २१२ रुपये माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नावावर आहेत. खजिनदार मी, आणि उधारी माझ्याच घरची! दिवाळीच्या दिवसांत वडीलधाऱ्या जाऊबाईंपुढे पैशाचा विषय कसा काढावा, या भिडेपायी मी गप्प राहिले. मी गप्प, मग इतरांना तरी कोणत्या तोंडाने विचारणार? त्यामुळे बाकीचे ७२८ रुपयेही तसेच राहिले. आम्ही आमच्या श्रमांचे मोल धरले नव्हते, इंधनाचा खर्च निम्मा घरचा वापरून झाकला होता, हे दोष तर होतेच. परंतु भीड हा त्यांत सर्वांत महाग पडलेला जिन्नस.

म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऐंशी रुपयांत चमत्कार होतो असे मनात धरून आपण निघालो, तर पहिल्या पावसाळ्यातच परत फिरू. मात्र येत्या सभेत माझा हात ठरावाच्या बाजूने वर होईल, हेही आजच सांगून ठेवते. त्याबरोबर चार सूचना मांडण्याची परवानगी मी अध्यक्षीण बाईंपाशी मागणार आहे. विभागात जी प्रत्यक्ष पीठ मळील, लाटील किंवा विकील तिलाच त्या विभागात मत असावे, मग ती पदाधिकारी असो वा नसो. माल एकाच दर्जाचा असावा. पहिली दोन वर्षे देणगी घेऊ नये. लागल्यास मंडळाच्या खात्यातून लिहून-सवरून कर्ज घ्यावे व ते फेडावे. आणि उधार कोणालाही नाही. खजिनदाराच्या जाऊबाईंना तर मुळीच नाही.

आपल्या तरुण भगिनी आमच्यापेक्षा शिकलेल्या आहेत. त्यांना बँकेचे व्यवहार कळतात, फोनवरून मागण्या घेता येतात. आम्हांला जे स्वप्नातही नव्हते ते त्यांच्या हाताशी आहे. एवढ्याने पाऊस थांबणार नाही आणि भीडही आपोआप सुटणार नाही. पण ज्यांना आधीचे खड्डे ठाऊक असतात त्यांचा पाय जपून पडतो. जुनी वही मी चिटणीस बाईंच्या स्वाधीन करीत आहे. तिच्यासोबत २१२ रुपये एका पाकिटात ठेवले आहेत. जाऊबाई आता हयात नाहीत. त्यांची बाकी मी भरते. नव्या विभागाच्या नव्या वहीत ती पहिली जमा म्हणून मांडावी आणि पुढे 'जुनी उधारी वसूल' असे स्पष्ट लिहावे. देणगी म्हणून लिहू नये, एवढी माझी विनंती आहे.